नवी गाडी आत्ता घेऊ, की हायड्रोजनची वाट बघू?

तवंदी_घाट (निपाणी) | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. एक अडचण मांडतोय, जाणत्यांनी बोलावं.

माझ्या दोन गाड्या आहेत. एक बारा टायर, एक दहा टायर. साखर, गूळ, तंबाखू आणि परतीला मिळेल तो माल. दहा टायर आता थकली. गेल्या पावसाळ्यात दोनदा इंजिन उघडलं. ती काढून नवी कोरी बारा टायर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बँकेत बोलणं झालं होतं, पाच वर्षांचे हप्ते. एवढ्यात मागच्या आठवड्यात वाहतूकदारांच्या एका कार्यक्रमाला गेलो. तिथं एका वक्त्यानं छातीठोक सांगितलं की पाच वर्षांत हायवेवर हायड्रोजनचे ट्रक धावतील, धूर नाही, नुसती पाण्याची वाफ. आज डिझेलची गाडी घेणारा उद्या ती भंगाराच्या भावात विकेल. घरी आल्यापासून झोप नाही.

माझा हिशेब साधा आहे. बारा टायर भरलेली असली की लिटरला चार किलोमीटर पडतात. शंभर किलोमीटरला २५ लिटर. भाड्यातला निम्मा पैसा टाकीत जातो. पूर्वी इकडं कर्नाटकात डिझेल स्वस्त असायचं, तेव्हा महाराष्ट्रातल्या गाड्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडे थांबून टाक्या फुल करून जायच्या. मी लहानपणी वडलांच्या शेजारी क्लीनरच्या सीटवर बसून त्या रांगा बघितल्यात. लिटरमागं रुपया-दोन रुपये वाचावेत म्हणून माणसं अर्धा अर्धा तास उभी राहायची. त्याच रुपया-दोन रुपयांत आमचं घर उभं राहिलंय, म्हणून विचारतोय.

थांबू का? हा हायड्रोजन येणार कुठून? आणि भरलेली गाडी घेऊन तवंदीचा चढ चढणार का?

---

रामदेव_गल्ली | सोमवार, रात्री १०:०२

अण्णा, आधी सीएनजीच्या रांगेत उभं राहून या, मग हायड्रोजनच्या रांगेचं बोलू. काल माझा रिक्षावाला दीड तासानं आला.

---

ऊसवाला (चिकोडी) | सोमवार, रात्री १०:३५

तवंदी_घाट, तुमच्या जागी मी असतो तर मलाही झोप लागली नसती. पण वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो.

तेव्हा मोगली एरंडाचं असंच वारं आलं होतं. जट्रोफा म्हणायचे. पडीक जमिनीत लावा, पाणी नको, खत नको, बियांचं डिझेल होणार, तेलाची आयात थांबणार. माझ्या थोरल्या चुलत्यांनी माळावरच्या दोन एकरांत लावला. रोपं आणायला स्वतः टेम्पो करून गेले होते. पाणी नको म्हणाले होते, पण पाण्यावाचून बी धरेना. जे थोडं आलं ते दोन पोती भरून खोलीत ठेवलं, कारण घ्यायला कुणी येईना. २००९च्या जैवइंधन धोरणात २०१७पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य लिहिलं होतं, आणि आमची पोती उंदरांनीही फोडली नाहीत. शेवटी झाडं तोडली. बांधाला काही ठेवली, कारण जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, कुंपण तरी होतं.

पण त्याच चुलत्यांच्या उसाच्या मळीपासून (मोलॅसिस) आज इथेनॉल होतं, आणि पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत गेलंय. ते चाललं, कारण घेणारा ठरलेला होता आणि भाव ठरलेला होता. म्हणून मी एवढंच विचारतो: तो हायड्रोजन घेणार कोण, कुठल्या भावानं?

---

शहापूरची_लेक (सध्या पुणे) | सोमवार, रात्री ११:२०

काका, मी केमिकल इंजिनिअर आहे, माहेर बेळगावातलं शहापूर. वायूंच्या प्लांटवर नोकरी केलीय. जमेल तेवढं सोपं करून सांगते.

पहिली गोष्ट. तेल जमिनीतून निघतं. आपण वापरतो तो हायड्रोजन मात्र बनवावा लागतो, आणि बनवायला ऊर्जा घालावी लागते. आज जगात वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास हायड्रोजन बनतो. त्यातला जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू, कोळसा आणि खनिज तेलापासून. वायूपासून एक किलो करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ट्रकच्या मागून वाफ निघेल, पण धूर दुसऱ्या कुणाच्या गावात निघालेला असेल.

स्वच्छ म्हणतात तो 'हरित' हायड्रोजन: सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेनं पाणी फोडायचं. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३मध्ये व्याख्याच ठरवली, किलोमागं दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. त्याआधी ४ जानेवारी २०२३ला १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर झालं. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे, आणि त्यासाठी १२५ गिगावॉट नवी सौर-पवन वीज लागणार.

आता तुमच्या गाडीचा हिशेब. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, एक लिटर डिझेलमध्ये १०. म्हणजे किलोभर हायड्रोजन म्हणजे सव्वातीन लिटर डिझेल. फ्युएल सेल (हायड्रोजनपासून गाडीतच वीज करणारं यंत्र) डिझेल इंजिनापेक्षा थोडा काटकसरी, तरी हात राखून भरलेल्या मोठ्या ट्रकला शंभर किलोमीटरला आठेक किलो धरू. पण तो एक किलो बनवायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट वीज जाते. आठ किलोला ४४० युनिट. युनिट सहा रुपयांनी धरलं तर नुसत्या विजेचे २,६४० रुपये. तुमचं २५ लिटर डिझेल ९० रुपयांनी २,२५० रुपयांचं. आणि हायड्रोजन दाबून भरायचा खर्च, यंत्राचं व्याज, पंपवाल्याचा नफा अजून बाकी आहे.

अडीच रुपयांची सौर वीज मिळाली तर हेच १,१०० रुपये होतात, तिथं खरी आशा आहे. पण ऊन दिवसाचे पाच-सहा तासच धड असतं. उरलेला वेळ कोट्यवधींचं यंत्र नुसतं उभं.

चढ मात्र चढेल, काका. त्याची काळजी नको. मोटरच असते ती, पहिल्या झटक्याला ताकद देते.

---

तवंदी_घाट | मंगळवार, सकाळी ६:१५

लेकी, इतक्या रात्री एवढं लिहिलंस, उपकार झाले. चढाचं ऐकून बरं वाटलं. पण ४४० युनिट वाचून चहा गार झाला. आमच्या घराचं तीन महिन्यांचं बिल तेवढ्याचं येतं.

---

कडोलीकर | मंगळवार, सकाळी ७:५०

काय सांगूलालाय बगा तुम्ही सगळी, हायड्रोजन म्हंजे काय खेळ न्हवं. मी अनुभव घेऊन बसलोय.

ट्रॅक्टरची बॅटरी उतरल्ती. माडीखालच्या खोलीत चार्जिंगला लावून सोडलेलो, खिडकी बंद, थंडीचं दिवस. पहाटे उठलो, चार्जर चालू असतानाच क्लिप काढलो. एवढीशी ठिणगी. बंदूक उडाल्यागत आवाज झाला! बॅटरीचं वरचं झाकण वाशाला जाऊन लागलं, ॲसिड सगळं सदऱ्यावर. थोरली सून शाणी, तिनं हौदात डोस्कंच घातलीन माझं. म्हणून डोळं ऱ्हायलं. सदऱ्याची चाळण झाली, ती अजून ठेवल्या दाखवायला.

डॉक्टर म्हणाला, बॅटरीतनं हायड्रोजन येतोय चार्जिंगला. त्या दिवसापास्नं चार्जिंग अंगणात, आणि आधी बटण बंद, मग क्लिप.

---

रामदेव_गल्ली | मंगळवार, सकाळी ८:०५

तात्या, सुनेला साडी घेतलासा काय नाही?

---

कडोलीकर | मंगळवार, सकाळी ८:२२

इरकल घेऊन दिलो. टोप पदराची.

---

शहापूरची_लेक | मंगळवार, सकाळी ९:१०

तात्या, तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं. हवेत चार टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन कितीही असला तरी पेट घेतो, आणि ठिणगी अगदी बारीक पुरते. उघड्यावर तो हलका म्हणून सरळ वर निघून जातो. बंद खोलीत छताखाली साठतो. तुमची खिडकी बंद होती, तेच नडलं.

---

उद्यमबाग | मंगळवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशिन शॉप आहे, हायड्रॉलिक्सची कामं करतो. हायड्रोजनशी माझी ओळख एका बोल्टानं करून दिली.

एका प्रेसच्या कामासाठी १२.९ ग्रेडचे हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) बोल्ट झिंक प्लेटिंगला, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याला, दिले होते. संध्याकाळी आले, आरशासारखे चकचकीत. टॉर्क रेंचनं आवळून बसवले आणि घरी गेलो. सकाळी शटर वर केलं तर दोन बोल्टांची डोकी फरशीवर पडलेली. रात्रभर मशीन बंद, कुणी हात लावलेला नाही. उचलून बघितलं. ओढून तुटलेला बोल्ट आधी लांबतो, मानेशी बारीक होतो. हे तसे नव्हते, खडीसाखर मोडावी तसे कोरडे मोडले होते, आत दाणे दिसत होते. मला वाटलं मालच खोटा आला. पुरवठादाराशी भांडलो, आज त्याची लाज वाटते.

नंतर एका जुन्या हीट ट्रीटमेंटवाल्या मामांनी समजावलं. प्लेटिंगच्या आधी ॲसिडमध्ये बुडवताना आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो. तो इतका बारीक की पोलादाच्या अंगात शिरतो. ताण आला की आतून ठिसूळ करतो, आणि बोल्ट लगेच न तुटता काही तासांनी तुटतो. उपाय एकच, प्लेटिंग झालं की तीन-चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत घालायचे आणि २०० अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवायचे, म्हणजे तो बाहेर पडतो. प्लेटिंगवाल्यानं ती पायरी गाळली होती, आणि मी ऑर्डरवर लिहिली नव्हती.

सांगायचा मुद्दा हा की जो वायू पोलादात शिरतो, तो नेहमीच्या पाइपातून, नेहमीच्या व्हॉल्व्हमधून न्यायचा म्हणजे सगळं सामान वेगळं लागणार. गाडीच्या टाक्या कार्बन फायबरच्या असतात, आत प्लास्टिकचं अस्तर. दाब ३५० किंवा ७०० बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाच्या तेवढ्या पट. आमच्या प्रेस २००-२५० बारवर चालतात, तेही तेलावर. तेल गळलं तर डाग दिसतो. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योतसुद्धा दिसत नाही.

पण मी विरोधात नाही. उलट. बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचं काम करणारे हात आहेत. व्हॉल्व्ह, फिटिंग, मॅनिफोल्ड हे आपलं काम आहे. कुणीतरी हे सामान बनवणारच, ते उद्यमबागेत का बनू नये? माझा भाचा आयटीआय करतोय. त्याला मी आत्तापासून सांगतो, ज्वलनशील वायूच्या सिलिंडरचे आटे डावे असतात, हायड्रोजनचं नळकांडं लाल असतं, आणि आटा बसला नाही तर जबरदस्ती करायची नाही.

---

गोगटे_सर्कल | मंगळवार, दुपारी ३:१५

ते हिंडेनबर्ग विमान जळालं ते याच वायूनं ना? माझं मत स्पष्ट आहे, हायड्रोजन नको.

---

शहापूरची_लेक | मंगळवार, दुपारी ३:५०

विमान नव्हतं, मोठं हवाई जहाज होतं, ६ मे १९३७. ३६ माणसं गेली, त्यातला एक खाली जमिनीवरचा. पण जहाजावरच्या ९७पैकी ६२ वाचली, हे सहसा कुणी सांगत नाही. पेट्रोलच्या टँकरला आग लागते तेव्हा पेट्रोल रस्त्यावर पसरतं. याची आग वर जाते. धोका आहेच, फक्त त्याची रीत वेगळी.

---

कोल्हापूरचा_पाहुणा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

आमच्याकडे पुण्यात २०२२च्या ऑगस्टमध्ये हायड्रोजनची बस दाखवली होती, देशी बनावटीची, एनसीएल प्रयोगशाळा आणि एका पुणेरी कंपनीनं मिळून केलेली. तुमचं बेळगाव महाराष्ट्रात आलं असतं तर आत्तापर्यंत इथं पंप असता!

---

सीमेवरचा | मंगळवार, सायंकाळी ६:४४

पाहुणं, तुमच्या कोल्हापुरात आहे काय पंप?

---

कोल्हापूरचा_पाहुणा | मंगळवार, सायंकाळी ६:५०

नाही. तेही खरंच.

---

व्यवस्थापक | मंगळवार, सायंकाळी ७:००

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, त्याची जागा तिथंच. इथं गाडीवाल्याच्या प्रश्नावर राहूया.

---

मलप्रभाकाठ (खानापूर) | मंगळवार, रात्री ८:३०

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. दरवर्षी आठवीच्या मुलांना पाणी फोडून दाखवते. दोन पेन्सिलींची शिसं, नऊ व्होल्टची बॅटरी, पाण्यात चमचाभर खायचा सोडा (मीठ घातलं तर क्लोरिन सुटतो, म्हणून नाही घालत). दोन्ही शिसांवर परीक्षानळ्या उलट्या. दहा मिनिटांत एका नळीत दुसरीच्या दुप्पट वायू जमतो. ती नळी उचलून तोंडाशी पेटती काडी नेली की 'पॉप्' असा आवाज होतो आणि सगळा वर्ग ओरडतो, "बाई, परत!" नळीच्या आत बारीक दव धरतं. मुलांना मी ते बोटानं पुसून बघायला लावते. पाणी फुटलं, जळलं आणि पुन्हा पाणी झालं.

म्हणजे या विद्येवर माझं प्रेम आहे. तरी माझी धास्ती सांगते. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते. पावसाळ्यात आमच्याकडे एवढा पाऊस पडतो की शाळेला सुट्टी द्यावी लागते, आणि एप्रिलला डोंगरावरच्या वाड्यांतल्या माझ्या विद्यार्थिनी डोक्यावर घागर घेऊन दोन खेपा करूनच शाळेला येतात. कळसा-भांडुराचं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं भांडण आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. आता पाण्यापासून इंधन म्हणताय. कुणाच्या वाट्याचं पाणी?

---

शहापूरची_लेक | मंगळवार, रात्री ९:४५

बाई, नमस्कार. प्रश्न फार महत्त्वाचा, म्हणून आकडे मांडते.

एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे नऊ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायचं धरून २० लिटर समजू. आता एक एकर ऊस. दोन मीटर पाणी धरलं तर वर्षाला ८० लाख लिटर. एवढ्या पाण्यात ४ लाख किलो हायड्रोजन होतो, आणि तवंदीकाकांची गाडी त्यावर ५० लाख किलोमीटर जाईल. एका एकराच्या पाण्यात!

पण त्या ४ लाख किलोला २ कोटी २० लाख युनिट वीज लागेल. म्हणजे १४ मेगावॉटच्या आसपास सौर प्रकल्प, साठेक एकर पॅनेल. अडचण पाण्यापेक्षा विजेची आणि जमिनीची आहे.

---

ऊसवाला | मंगळवार, रात्री १०:१०

उसावर येऊन थांबलात की शेवटी. ठिबक केलंय मी पोरी, तुझ्या दोन मीटरातलं बरंच कमी केलंय.

---

मलप्रभाकाठ | बुधवार, सकाळी ७:२०

लेकी, तुझे आकडे मी वहीत उतरून घेतले, वर्गात सांगेन. पण उसाचं पाणी चिकोडीला आणि घागर माझ्या वाडीला. आकड्यात पाणी एका जागचं दुसऱ्या जागी जातं, डोंगरात जात नाही. प्रकल्प जिथं उभा राहील तिथल्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं, हे आधी मोजावं. त्यानंतरच भूमिपूजनाचा नारळ फोडावा. एवढं मान्य झालं तर माझा विरोध नाही.

---

शहापूरची_लेक | बुधवार, सकाळी ८:००

बाई, मान्य. मी पुण्यात बसून सरासरी काढते, मे महिना तुम्ही बघता.

---

चार्जिंगवाला (टिळकवाडी) | बुधवार, सकाळी १०:३०

सगळे हायड्रोजनवरच बोलताय, म्हणून माझं म्हणणं. शंभर युनिट वीज बॅटरीत घातली तर पंचाहत्तरच्या वर चाकाला मिळते. तीच वीज पाणी फोडायला, वायू दाबायला आणि पुन्हा वीज करायला वापरली तर तीसेक उरते. मोठा बॅटरी ट्रक शंभर किलोमीटरला दीडशे युनिटच्या आसपास घेतो, वर लेकीनं हायड्रोजनचे ४४० काढलेत. तिप्पट वीज का जाळायची? जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्यानं २०२२मध्ये हायड्रोजनच्या रेल्वेगाड्या धावत्या केल्या, सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या गाड्या घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनीच बॅटरीच्या ठरवल्या.

---

उद्यमबाग | बुधवार, दुपारी १:३०

बेळगाव-कोल्हापूर ११० किलोमीटर, तिथं बॅटरी चालेल, मान्य. पण साखर भरून चार दिवस बाहेर राहणाऱ्या गाडीचं काय? बॅटरीचंच वजन काही टन. तेवढा माल कमी भरला की भाडं कमी. आणि ड्रायव्हरनं ढाब्यावर चार्जिंगला दोन तास कुठं काढायचे?

---

चार्जिंगवाला | बुधवार, दुपारी २:०५

ड्रायव्हरनं दोन तास झोपावं. सगळ्यांच्याच जिवाला बरं.

---

तवंदी_घाट | बुधवार, दुपारी २:४०

हे मात्र काळजाला लागलं. माझा धाकटा भाऊ रात्रीच्या गाडीवर डुलकी लागून गेला. ते दोन तास मी कुठल्याही इंधनावर देईन.

---

चार्जिंगवाला | बुधवार, दुपारी २:५०

दादा, माफ करा. मला ठाऊक नव्हतं.

---

तवंदी_घाट | बुधवार, दुपारी ३:००

तुमचं काही चुकलं नाही, खरंच बोललात. बोला पुढं. टाकीचं सांगा कुणीतरी, मावते का गाडीत?

---

शहापूरची_लेक | बुधवार, रात्री ८:१५

४०० किलोमीटर जायचं तर ३२ किलो हायड्रोजन. ३५० बारला दाबला तरी त्याला १,३०० लिटरच्या टाक्या लागतात, आणि टाक्यांचं वजन पाच-सहाशे किलो. तुमचं तेवढ्याला १०० लिटर डिझेल, ८३ किलो. म्हणून केबिनच्या मागं टाक्यांचं कपाट उभं करतात.

देशात हे सुरू झालंय, तेही सांगते. ४ मार्च २०२५ला गडकरी आणि आपले धारवाडचे प्रल्हाद जोशी यांनी १६ हायड्रोजन ट्रकांना झेंडा दाखवला. मुंबई, पुणे, दिल्ली, सुरत, वडोदरा, जमशेदपूर, कलिंगनगर या भागांत दोन वर्षांपर्यंत चाचणी आहे. केंद्रानं असे पाच प्रकल्प मंजूर केले, सगळे मिळून ३७ वाहनं, ९ पंप, २०८ कोटी. या सगळ्या प्रकल्पांत मिळून नऊ पंप, काका. तुमचा पाच वर्षांचा हप्ता यावर टांगू नका.

---

ऊसवाला | बुधवार, रात्री ९:००

मग हे मिशनचे ५० लाख टन जाणार कुठं? माझा पहिला प्रश्न तसाच राहिला. घेणारा कोण?

---

शहापूरची_लेक | बुधवार, रात्री १०:३०

मामा, घेणारे तुम्ही. आजही घेताय.

युरियाची ४५ किलोची गोणी, २६६ रुपये ५० पैशांची. युरिया होतो अमोनियापासून, आणि अमोनिया होतो हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून. एका गोणीमागं साडेचार किलो हायड्रोजन लागतो. तो सगळा आज नैसर्गिक वायूपासून येतो आणि वायूचा बराच भाग परदेशातून. तुम्ही एकराला किती गोण्या टाकता?

---

ऊसवाला | बुधवार, रात्री १०:४२

पाच. कधी सहा.

---

शहापूरची_लेक | बुधवार, रात्री ११:०५

म्हणजे चार एकराला २० गोण्या, ९० किलो हायड्रोजन. त्यावर काकांचा ट्रक अकराशे किलोमीटर जाईल.

खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण कारखाने, देशातला जवळजवळ सगळा हायड्रोजन तिथंच जातो. त्यांना टाकी नको, पंप नको, चढ नको. फक्त घाणेरड्याच्या जागी स्वच्छ वायू द्यायचा. घेणारा ठरलेला आहे, अगदी तुमच्या इथेनॉलसारखा. त्यानंतर पोलाद, कारण तिथं कोळशाच्या जागी हायड्रोजन वापरून लोखंड काढता येतं. मला मनापासून वाटतं की हायड्रोजनचं स्वप्न खोटं नाही. ते चुकीच्या गाडीला जुंपलंय. पहिला स्वच्छ किलो खताला द्यावा. तो ट्रकमध्ये घातला तर खत तसंच धुरातलं राहतं आणि वीजही तिप्पट जाते.

---

ऊसवाला | गुरुवार, सकाळी ६:४०

रात्री हे वाचून सकाळी मुद्दाम शेडमध्ये गेलो. गोणी वीस वर्षं उचलतोय. आज उचलताना थांबून हातानं चाचपली. साडेचार किलो.

चुलते असते तर त्यांना सांगितलं असतं.

---

कडोलीकर | गुरुवार, सकाळी ७:३०

मग शेणखत घाला की जास्त! वायूबी वाचंल, जमीनबी.

---

ऊसवाला | गुरुवार, सकाळी ७:४५

तात्या, घालतोय. पण जनावरं किती राहिलीत दारात? आणि कारखान्याची प्रेसमड मळी (रस गाळून उरलेला गाळ) आता कॉम्प्रेस्ड बायोगॅसला मागतात, ती पण शेतात यायची थांबली. २०१८ला त्या बायोगॅसची सरकारी योजना आली तेव्हापासून या मळीला भाव आला.

---

रामदेव_गल्ली | गुरुवार, सकाळी ९:२०

तवंदी अण्णा कुठं गेले? धागा त्यांचा आणि गोणी आम्ही उचलतोय.

---

तवंदी_घाट | शुक्रवार, रात्री ८:५०

मंडळी, आहे. गोव्याला गेलो होतो, घाटात रेंज नव्हती. येताना घाट ओलांडल्यावर थांबून सगळं परत वाचलं.

ठरवलं ते सांगतो. नवी कोरी घेत नाही. थांबतही नाही. इचलकरंजीकडची तीन वर्षं चाललेली बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातली) बारा टायर बघून आलो, इंजिन स्वच्छ, कागद स्वच्छ. हप्ता तीन वर्षांचा. तो फिटेपर्यंत त्या १६ गाड्यांच्या चाचणीचं काय झालं ते कळलेलं असेल. पंप आमच्या हायवेवर आला तर माझ्या डोक्यावर कर्ज नसेल. नाही आला तर गाडी आहेच. आणि ड्रायव्हरला रात्री दोन तास गाडी उभी करायचं आजपासून सांगितलंय, डिझेलवर असली तरी.

एक गोष्ट मात्र लेकीला विचारायची राहिली. ती गाडी बघताना मालकानं माझ्यासमोर निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचा कॅन ओतला. बीएस-६ला डिझेलबरोबर तो लागतोच. २० लिटरचा कॅन. मी ओतणाऱ्याच्या हाताकडे बघत राहिलो. हा तोच का युरिया?

---

शहापूरची_लेक | शुक्रवार, रात्री ९:३०

तोच, काका. जास्त शुद्ध, पाण्यात साडेबत्तीस टक्के. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला. २० लिटरच्या कॅनमध्ये सात किलो युरिया, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास हायड्रोजन बनवताना गेलेला.

---

तवंदी_घाट | शुक्रवार, रात्री ९:४१

पाऊण किलो.

उद्यमबागवाले, ते तुटके बोल्ट अजून आहेत का तुमच्याकडे? पोराला दाखवायचे आहेत. बारावीला आहे, परवापासून हा धागा माझ्या आधी वाचतोय.

---

उद्यमबाग | शुक्रवार, रात्री १०:०५

दोन्ही डोकी टेबलाच्या खणात आहेत. रविवारी सकाळी या, दुकान बंद असतं, निवांत बोलू. भाच्यालाही बोलावतो.

---

कडोलीकर | शुक्रवार, रात्री १०:१२

मी सदरा घेऊन येतो.